जुनी इंग्लिश घोड्याची दुनळी हातात आली तर: आधी पोट बघा, नाव शेवटी वाचा

आमच्या घरची बंदूक लंडनची आहे हे मला क-ख-ग-घ यायच्या आधीपासून माहीत होतं. आजोबा सांगायचे, काका सांगायचा, दसऱ्याला पूजेला मांडली की आलेल्या प्रत्येकाला सांगायचे. पुरावा काय तर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर सुंदर अक्षरात लंडन कोरलेलं आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असल्या दुनळ्या बऱ्याच घरात आहेत, रानडुकरं आणि माकडं यांच्या नावाने घेतलेल्या, आणि त्यातल्या कितीतरी इंग्लिश आहेत, शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या, बाहेर दोन घोडे असलेल्या. लोक त्यांच्याकडे एकतर खेळणं म्हणून बघतात नाहीतर लाखोंची चीज म्हणून, आणि दोन्ही वेळा फक्त वरचं नाव वाचतात.

माझं म्हणणं एवढंच की नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. ह्या बंदुकीवर खालून, आतून, लाकडाच्या पोटात इतकं काही लिहिलेलं असतं की ते वाचलं की वरचं नाव निम्म्या वेळेला नुसती दुकानाची पाटी निघते. तर ते कसं वाचायचं ते क्रमाने सांगतो.

आधी दोन शब्द नक्की करून घेऊ कारण इथे सगळे गोंधळतात. घोडा म्हणजे बाहेरचा, अंगठ्याने मागे ओढायचा तो, हॅमर. बोटाने ओढतात तो चाप. बोलताना लोक चापालाही घोडा म्हणतात, इथे तसं नको.

हात लावायच्या आधी

परवाना. "अँटिक आहे, शंभर वर्षं जुनी, परवाना लागत नाही" हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, सरळ कायदाच सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जी सूट आहे ती जुन्या किंवा मोडक्या हत्याराला आहे पण अट अशी की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालता कामा नये. बारा बोअरची घोड्याची दुनळी चालते, काडतूस आजही मिळतं, म्हणजे परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, आणि वारशाने आलेली पण त्या दोनातच धरली जाते. इंग्लंडमध्येही तोच प्रकार आहे, पिनफायरसारख्या काडतूस बंद झालेल्या जुन्या बंदुका शोभेच्या म्हणून ठेवता येतात पण बारा बोअर असेल तर शॉटगन सर्टिफिकेट हवंच. वाड्याच्या माळ्यावर कागद नसलेली सापडली तर ती घेऊन फिरू नका, पुसत बसू नका, आधी वकील आणि पोलीस स्टेशन. आणि शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे लंडनच्या लिलावाची स्वप्नं इथेच सोडून द्या.

मग रिकामी आहे का ते बघायचं. मोडून बघायचं, म्हणजे नळ्या खाली झुकवून काडतूस बसतं त्या दोन्ही खोल्यांत, म्हणजे चेंबरमध्ये, डोळ्याने बघायचं, बोट घालून बघायचं. कोणी सांगितलं रिकामी आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही, स्वतः दहा मिनिटांपूर्वी बघितली असली तरी परत बघायची. अजून एक, रिकाम्या बंदुकीचे घोडे फटाफट आपटून बघू नका, आतले स्ट्रायकर (घोडा ज्यांच्यावर आपटतो त्या टोकदार खिळ्या) आणि कमानी, म्हणजे स्प्रिंगा, शंभर वर्षांच्या आहेत. घोडा अंगठ्याने धरून हळू उतरवायचा.

नळ्या वेगळ्या करून उलट्या करा

नळ्यांखालचं पुढचं लाकूड, फोरएंड, ते आधी काढायचं. काहींना आडवी पाचर असते ती बाजूला सरकवायची, नंतरच्या बंदुकांना खटका असतो. मग नळ्या मोडून उचलून घ्यायच्या आणि पालथ्या करून टेबलावर मऊ कपड्यावर ठेवायच्या. चेंबरच्या खाली जो सपाट भाग आहे ना, तिथे बंदुकीची जन्मपत्रिका आहे.

इंग्लंडमध्ये कुठलीही बंदूक विकायच्या आधी तिच्या नळीत नेहमीपेक्षा जास्त बार भरून उडवून बघतात, टिकली तर शिक्का. लंडनचं प्रूफ हाऊस गनमेकर्स कंपनीचं, तिची सनद १६३७ ची. बर्मिंगहॅमचं १८१३ च्या कायद्याने झालं, बॅनबरी स्ट्रीटवर अजून उभं आहे आणि चालू आहे. लंडनचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी अक्षरं आणि दुसरा मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचा १९०४ पर्यंत मुकुटाखाली एकमेकांवर आडवे पडलेले दोन राजदंड, आणि १९०४ नंतर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी. हा फरक भिंगाखाली दोन मिनिटांत कळतो आणि इथेच आमच्या लंडनच्या बंदुकीचं पहिलं पितळ उघडं पडलं. राजदंड!

पण शिक्के फक्त गाव सांगत नाहीत, वयही सांगतात. नॉट फॉर बॉल असं लिहिलेलं असेल तर साधारण १८७५ ते १८८७, म्हणजे नळी तोंडाशी आवळलेली आहे, चोक आहे, गोळी घालू नका फक्त छर्रे. १८८७ पासून त्याच्या जागी चोक असा शब्द आला आणि चौकटीत, म्हणजे पतंगाच्या आकाराच्या चौकटीत, १२ आणि सी असा शिक्का यायला लागला. नुसता १२ किंवा १३ आकडा असेल आणि पतंग नसेल तर १८८७ च्या आधीची. नायट्रो प्रूफ, म्हणजे काळ्या दारूऐवजी नव्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, हे शब्द १८९६ पासून. १९२५ च्या सुमारापासून चेंबरची लांबी इंचात. १९५४ नंतर बोअर दशांशात, .७२९ वगैरे. एकाच बंदुकीवर जुने आणि नवे दोन्ही शिक्के असतील तर घाबरू नका, ती मधे कधीतरी परत तपासली गेली आहे आणि ते चांगलंच आहे.

बारा बोअर म्हणजे काय हे इथेच सांगून टाकतो कारण लोक बारा मिलिमीटर समजतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बारा बोअर, ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. तेरा गोळ्या केल्या तर गोळी छोटी, नळी बारीक. आकडा वाढला की भोक लहान.

इथे अंडाकृतीत ईएलजी अशी अक्षरं आणि तारा दिसला तर बंदूक इंग्लिश नाहीच, बेल्जियमच्या लिएजची आहे, मग पट्टीवर काहीही लिहिलेलं असो. बर्मिंगहॅमच्या नावाजलेल्या वेस्टली रिचर्ड्सच्या नावाशी मिळतंजुळतं डब्ल्यू रिचर्ड्स असं नाव टाकून विकलेल्या बेल्जियन दुनळ्या जगभर आहेत. वाईटच असतात असं नाही पण इंग्लिश म्हणून पैसे देऊ नका.

नळीचा पोत

आता नळ्या उजेडात तिरक्या धरा. नागमोडी, भोवऱ्यासारखी, कधी मोराच्या पिसासारखी नक्षी दिसली तर ती डमास्कस नळी. ही नक्षी वरून काढलेली नाही, लोखंडातच आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या बंदुकीत ह्याच्याइतकी थक्क करणारी गोष्ट दुसरी नाही.

करायचे कसे ते बघा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून, तापवून, ठोकून एकजीव करायच्या आणि त्यांची बारीक सळई ओढायची. ती सळई लालभडक तापवून पीळ द्यायचा, सुंभाला देतात तसा, इतका की तिच्यावर मळसूत्रासारखे आटे दिसायला लागतात. अशा दोन किंवा तीन पिळलेल्या सळया शेजारी शेजारी ठेवून, एकीचा पीळ उजवा तर दुसरीचा डावा, परत ठोकून त्यांची पट्टी करायची. ती पट्टी एका गोल दांड्याभोवती गुंडाळत जायची, काठाला काठ लागेल अशी, आणि मग ती सगळी गुंडाळी थोडी थोडी तापवून घणाने जोडायची, एक कारागीर धरणारा आणि दोन घण मारणारे, आणि तापलेली नळी उभी आपटायची म्हणजे सांधे आपोआप दाबले जातात. नंतर आतून बोअर, बाहेरून घासणी. निम्म्याहून जास्त लोखंड चुऱ्यात जातं. आणि हे सगळं एका नळीसाठी, दुसरी तिच्या जोडीची नक्षी जुळेल अशी परत करायची. सगळ्यात शेवटी मुद्दाम गंजवायची, घासायची, परत गंजवायची, असं बरेच दिवस. लोखंड आणि पोलाद वेगवेगळे गंजतात म्हणून नक्षी वर येते. गंज हा इथे रंगारी आहे.

आपल्याकडच्या जुन्या तलवारींच्या पात्यावर जौहर दिसतो तो ह्यासारखाच दिसतो पण जात वेगळी, तो मुशीत वितळवलेल्या पोलादाचा स्वभाव आहे आणि हा पीळ देऊन बनवलेला.

तीन सळयांची बारीक एकसारखी नक्षी म्हणजे भारी काम, एकच रुंद पट्टी गुंडाळल्यासारखे तिरके पट्टे दिसले तर स्वस्तातलं. काही स्वस्त नळ्यांवर साध्या लोखंडावर ॲसिडने खोटी नक्षी काढलेली असते, ती ओळखायची तर फोरएंडखाली झाकलेल्या भागात बघा, तिथे बहुतेक वेळा नक्षी अचानक संपते. आणि नक्षी नसेल, साधी काळी नळी असेल, तर खालून व्हिटवर्थ नाव आणि गव्हाच्या पेंढीचं चिन्ह आहे का बघा, तसं असेल तर ते सर जोसेफ व्हिटवर्थचं दाबून घट्ट केलेलं पोलाद, १८८० च्या सुमारास भारी लंडनवाल्यांनी वापरायला घेतलेलं.

आता तीन तपासण्या, ह्या सोडू नका.

एक, आवाज. काडतूस बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टर काढता येत असेल तर काढून नळ्यांची जोडी खालच्या आकड्यातून, म्हणजे नळ्या बंदुकीत अडकवणाऱ्या हुकातून, एका बोटावर लटकवायची आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. माठ घेताना मारतो तशी. घंटेसारखा लांब आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्यांचं डाग काम, म्हणजे सोल्डर, शाबूत. भद्द आवाज आला तर कुठेतरी पट्टी सुटलेली आहे आणि फटीतून आत पाणी जाऊन गंज बसलेला आहे, जो दिसत नाही.

दोन, आतला आरसा. नळीतून खिडकीकडे बघायचं, उजेडाच्या गोल गोल रिंगा दिसतात. रिंग वाकडी झाली तिथे पोचा. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. काळ्या दारूच्या आणि जुन्या केपाच्या काळात त्याच दिवशी नळी धुतली नाही तर झालंच, म्हणून खड्डे बहुतेकांना असतात, थोडे चालतात. नळीवरून बाहेरून बोट फिरवताना कुठे फुगवटा लागला तर ते मात्र वाईट, कधीतरी आत काहीतरी अडकलेलं असताना बार झालेला आहे.

तीन, जाडी. ही घरी होत नाही, ह्याला गेज लागतं, पण हीच सगळ्यात महत्त्वाची. खड्डे घालवायला लोक नळी आतून घासून घेतात, नळी चकचकीत होते आणि भिंत पातळ होते, त्यामुळे आरशासारखी नळी बघून हुरळून जाऊ नका. चांगल्या नळीची भिंत पुढच्या भागात मुळातच साधारण एटीएम कार्डाइतकी असते. इंग्लंडमधले जाणकार अर्ध्या मिलिमीटरच्या, म्हणजे इंचाच्या वीस हजारांशाच्या, खाली गेलेली नळी नको म्हणतात. बोअर मोजायचा तो मागच्या टोकापासून ९ इंचांवर, आणि तो आकडा शिक्क्यातल्या मापाशी ताडून बघायचा. बराच मोठा निघाला तर तो शिक्का आता त्या नळीला लागू नाही असं समजा.

आणि एक कळकळीची विनंती, नळी काळी करून देतो म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. आजकालचं ब्लूइंग कॉस्टिकच्या उकळत्या बाथमध्ये करतात, त्याने पट्ट्यांचं सोल्डर खाल्लं जातं आणि वर पॉलिश करताना नक्षी, शिक्के सगळं पुसट.

मोड आणि कुलूप

नळ्या परत बसवा पण फोरएंड लावू नका. आता दस्त्याच्या मनगटाशी धरून बंदूक हळू हलवा. खडखड झाली, नळ्या बाजूला हलल्या, किंवा उजेडाकडे धरून नळ्या आणि मागची भिंत ह्यांच्यात फट दिसली तर सांधा झिजलेला आहे. फोरएंड लावला की त्याचा दाब ही सगळी ढिलाई लपवतो, म्हणून विकणारा तो काढू देत नसेल तर कारण समजून घ्या. पातळ कागदाची पट्टी मधे ठेवून बंद करून बघा, ओढून सहज निघाली तर फट आहे. ह्याची खरी दुरुस्ती म्हणजे आकड्यात नवीन तुकडा बसवून कानशीने जुळवणं. खोटी दुरुस्ती म्हणजे आकडा हातोडीने ठोकून पसरवणं किंवा पितळेचा पत्रा कोंबणं, आणि ठोकल्याच्या खुणा आकड्याच्या बाजूला स्पष्ट दिसतात.

बंद करायची युक्ती कुठली आहे त्यावरून वय परत पडताळता येतं. चापाच्या कवचाखाली लांब दांडा असेल आणि तो बाजूला फिरवून उघडायचं असेल तर ती बर्मिंगहॅमच्या हेन्री जोन्सची १८५९ ची कल्पना, दोन बाजूंनी पाचरीसारखी आवळणारी, स्प्रिंग नाही, परत हाताने फिरवूनच बंद करायची. बिचाऱ्याने पेटंटचा पुढचा हप्ता भरला नाही म्हणून १८६२ मध्ये पेटंट गेलं आणि सगळ्या इंग्लंडने ती फुकट वापरली. १८६३ ला लंडनच्या पर्डी ह्या बड्या बंदूकवाल्याने खालून सरकणारी सळई आणली जी आकड्याला दोन ठिकाणी पकडते. १८६५ ला बर्मिंगहॅमच्या स्कॉटने वरचा दांडा, अंगठ्याने बाजूला ढकलायचा तो, एका उभ्या दांडीने खालच्या सळईला जोडला. ह्या दोघांच्या लग्नातून जी रचना झाली ती आजतागायत दुनळ्यांमध्ये आहे.

पण इथे फसू नका. खालच्या दांड्याची बंदूक म्हणजे १८६० ची असं नाही. ती रचना मजबूत, मोडायला काही नाही, म्हणून ती पुढे कित्येक वर्षं बनत राहिली, विशेषतः हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत पाठवायला. नियम असा की बंदुकीवरची जी गोष्ट सगळ्यात नवी असेल ती बंदुकीचं वय ठरवते, जुनी गोष्ट नाही.

दुसरी खूण घोड्यात आहे. घोडा हळू उतरवा आणि सोडा. तो स्ट्रायकरला टेकून तसाच राहिला तर जुनी पद्धत, उघडायच्या आधी घोडा अर्ध्यावर ओढावा लागतो. तो आपसूक थोडा मागे येऊन थांबला तर रिबाउंडिंग लॉक (लॉक म्हणजे घोडा चालवणारी आतली यंत्रणा), वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन स्टँटनचं पेटंट १८६७ चं. जुन्या बंदुकीत मागाहूनही हे बसवून घेत, तेवढं लक्षात ठेवा.

आणि दोन्ही घोडे समोरून शेजारी शेजारी बघा. डावा हा उजव्याचं आरशातलं प्रतिबिंब वाटला पाहिजे. हे साचे काढून केलेले नाहीत, कानशीने घासून केलेले आहेत, आणि तरी मानेचा बाक, कानाची गोलाई, खवले सगळं जुळतं. एक जरा जाड किंवा आखूड वाटला तर तो मागाहून बदललेला.

लॉक काढणं: इथे मी खाल्ली आहे माती

बाजूच्या पट्टीच्या आत लॉक असतो आणि खरी कारागिरी तिथेच आहे. पण तो काढायच्या आधी माझी गोष्ट ऐका. पहिल्यांदा मी हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, आणि ह्या बंदुकीच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक आणि सरळ भिंतींची. एक झटका आणि शंभर वर्षं कोणी न खराब केलेली खाच मी खराब केली, वर फुलाची नक्षी होती तिच्यावर ओरखडा. आजही तो स्क्रू बघितला की कानकोंडा होतो. तर टोक खाचेत अगदी गच्च बसेल असं घासून घेतलेलं हत्यार नसेल तर हात लावू नका, लायसन असलेल्या गनस्मिथकडे न्या. तसंही खाचा बघूनच कळतं बंदूक कोणाच्या हातून गेली. नव्या बंदुकीत सगळ्या खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत असायच्या.

लॉक निघाला की दोन प्रकार. मुख्य कमान घोड्याच्या पुढच्या बाजूला असेल तर बार ॲक्शन, मागे दस्त्याच्या मनगटाकडे असेल तर बॅक ॲक्शन. बार ॲक्शन जास्त देखणा आणि चाप हलका मधुर लागतो पण त्याच्यासाठी नळ्यांखालच्या लोखंडात खोबण करावी लागते. बॅक ॲक्शनमध्ये लोखंड अख्खं राहतं पण मनगटाचं लाकूड कोरलं जातं, म्हणून अशा बंदुकांचे दस्ते तिथे तडकलेले सापडतात.

आतले सगळे भाग आरशासारखे पॉलिश केलेले असतील, जे कुणालाच कधी दिसणार नाहीत, तर समजा भारी काम. पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं शोधा. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोसेफ ब्रेझियरचे लॉक सगळ्यात नावाजलेले, लंडनचे बडे लोकही त्याच्याकडून घेत. घोडा ओढताना दोन वेगळे स्वच्छ टक् टक् ऐकू आले पाहिजेत, घरंगळल्यासारखा आवाज नको. आणि लाकडातली ती खोबण बघा ज्यात लॉक बसतो. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापुरती, प्रत्येक कमानीपुरतीच जागा कोरलेली असते, फट नाही, भर नाही. ती छिन्नी चालवणाऱ्याने भागांना दिव्याची काजळी लावून, बसवून, काळं लागलं तेवढंच खरवडून, परत बसवून, असं शेकडो वेळा केलेलं आहे.

एका बंदुकीमागे किती माणसं असत ते लोकांना माहीत नसतं. नळी घडवणारा वेगळा, बोअर करणारा वेगळा, पट्टी जोडणारा, ॲक्शन म्हणजे नळ्या जिथे बसतात तो लोखंडी सांगाडा घासणारा, लॉकवाला, दस्ता बसवणारा, जाळी कोरणारा, नक्षीवाला, पॉलिशवाला. बर्मिंगहॅमचा गन क्वार्टर म्हणजे सेंट मेरीच्या चर्चभोवतीच्या लव्हडे स्ट्रीट, व्हिटॉल स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट ह्या गल्ल्या, तिथे हे सगळे आपापल्या खोपटात बसत. आपल्याकडे पैठणीत किंवा तांब्याच्या भांड्यात आळीच्या आळी गुंतलेली असते तसं. ह्यातल्या कुणाचंच नाव वर येत नाही, आलीच तर नळीखाली किंवा लॉकच्या आत दोन अक्षरं. तो भाग १९६० च्या दशकात रिंग रोडसाठी बराचसा पाडला.

लाकूड आणि नक्षी, थोडक्यात

दस्ता अक्रोडाचा. मनगटापाशी आणि लॉकच्या मागच्या टोकाला केसासारखी चीर आहे का बघा. ॲक्शनजवळ लाकूड काळं, मऊ पडलं असेल तर ते तेलाने, पिढ्यान् पिढ्या लोकांनी भरपूर तेल घालून बंदूक उभी ठेवली आणि तेल खाली लाकडात झिरपलं. म्हणून तेल लावल्यावर काही दिवस नळीचं तोंड खाली करून ठेवायची. जुन्या दस्त्याचा लालसर रंग अळशीच्या तेलात अल्कानेटचं मूळ भिजवून येतो, म्हणजे आपली रतनजोत त्याच कुळातली, रोगनजोशला रंग देते ती. वॉर्निश मारू नका. दस्ता उजवीकडे किंचित वाकलेला दिसला तर तो दोष नाही, उजव्या खांद्याच्या माणसाच्या डोळ्यासमोर पट्टी यावी म्हणून मुद्दाम वाकवलेला आहे.

नक्षीत बारीक पाकळ्या आणि वेलबुट्टी जितकी दाट आणि तीक्ष्ण तितकी चांगली, आणि कोपऱ्यात कुठे निळसर तपकिरी ढग दिसले तर ते हाडांच्या कोळशात भाजून पृष्ठभाग कडक केल्याचे मूळ रंग आहेत, त्यांना ब्रासो लावणाऱ्याला घरात घेऊ नका.

उडवायची का

मी नाही उडवत. बंदुकीवर फक्त काळ्या दारूचे शिक्के असतील, नायट्रोचे नसतील, तर आजचं काडतूस तिच्यासाठी नाहीच. शिवाय जुना चेंबर अडीच इंचांचा, ६५ मिलिमीटर, आणि आजची बहुतेक काडतुसं ७० ची. गंमत म्हणजे ते आत बसतं, कारण न उडालेलं काडतूस दुमडलेलं असतं, उडाल्यावर ते उलगडतं आणि तोंड चिंचोळं करतं आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चालतं असं नाही. गनस्मिथने मोजून, लिहून दिल्याशिवाय प्रयोग नको.

कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत किंवा बनातीत गुंडाळून ठेवू नका, ती ओल धरते. सिलिका जेल, पातळ तेलाचा हात, लाकडावर आणि लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, म्युझियमवाले वापरतात ते. निवडणुकीत बंदूक जमा करावी लागते तेव्हा आधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि पावतीवर नंबर नीट लिहून घ्या, आमची एकदा परत आली ती दस्त्यावर नवीन खोक घेऊन, आणि ती आधीपासूनच होती म्हणाले.

आता वाचा नाव

पट्टीवरचं नाव, लॉकवरचं नाव, आणि चापाच्या कवचावरचा नंबर. तोच नंबर नळीखाली आणि फोरएंडच्या लोखंडावर हवा, नसेल तर जोडतोड आहे. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड अशा लंडनच्या बड्या बंदूकवाल्यांच्या जुन्या वह्या अजून आहेत, नंबर कळवला की कोणासाठी केव्हा बनवली ते कळू शकतं. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं नाव असेल तर ते दुकान आहे, कारखाना नव्हे, १८९१ पासून त्यांची मुंबईत शाखा होती, काळा घोड्याला ती इमारत अजून त्याच नावाने ओळखतात. कलकत्त्याची रॉडा ही बंदुका विकणारी कंपनी, जिच्या मालातली माउझर पिस्तुलं १९१४ ला क्रांतिकारकांनी पळवली, तीही इंग्लंडहून बनवून आणून आपलं नाव घालून विकायची. आणि नुसतं लंडन असेल, मागेपुढे ओळखीचं नाव नाही, खाली बर्मिंगहॅमचे शिक्के, तर ती बर्मिंगहॅममध्ये बनलेली आणि लंडनच्या नावाने विकलेली. तसं सगळेच करायचे.

सगळ्याच बड्यांनी घोडे सोडले असंही नाही. १८७५ ला ॲन्सन आणि डीलीची बिनघोड्याची बंदूक आली आणि घोडे जुने झाले, पण लॉर्ड रिपनसारखा त्या काळचा अव्वल नेमबाज आणि राजा पंचम जॉर्ज शेवटपर्यंत पर्डीच्या घोड्याच्याच दुनळ्या वापरत होते.

आमचीवर राजदंड, पतंगाच्या चौकटीतला १२ सी, तीन सळयांची नळी, स्कॉटचा वरचा दांडा, रिबाउंडिंग बार लॉक, आणि लॉकच्या आत दोन अक्षरं, ज्यातलं एक कानशीच्या खुणेने अर्धं गेलंय. म्हणजे १८८७ ते १९०४ मधली बर्मिंगहॅमची, मध्यम किमतीची, पण ज्याने लॉक बसवला त्याचा हात मध्यम नव्हता. हे सगळं भिंग आणि टॉर्च घेऊन मी काकाला तासभर दाखवलं. त्याने सगळं नीट बघितलं, राजदंड पण बघितले, भिंग परत दिलं आणि म्हणाला, "गप रव रे, लंडनाचीच आसा ती."